आबांना वाचून दाखवलेला रझी

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चिंतामणी सरांचा फोन आला. वाचनालयाची व्याख्यानमाला जानेवारीत आहे, यंदाचा विषय 'जुन्या जगातले वैद्य'. तिसरं पुष्प गुंफणारे गृहस्थ मुलीकडे परदेशी निघालेत. तुम्ही बोलाल का, त्यांनी भीत भीत विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं आणि नंतर लाज वाटली. थोडा वेळ मागून घ्यायला हवा होता, म्हणजे भाव राहिला असता.

भाव कसला म्हणा. उल्हासनगरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतेय, दर वर्षी नव्याने मुलाखत देऊन. पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं, मध्ययुगीन इराणी वैद्यकावर. राजसी पोटात होती तेव्हा सुटलं ते सुटलंच. आता ती दापोलीला होस्टेलवर असते आणि माझी टिपणं माळ्यावर.

रझीवर बोलायचं ठरवलंय. नवऱ्याला, धर्मेशला सांगितलं. तो वांगणीकडे लोकांना प्लॉट दाखवून दमून आला होता. "कोण हा?" म्हणाला. अकराशे वर्षांपूर्वीचा, तेहरानजवळच्या रय गावचा, फार मोठा वैद्य, असं मी म्हटलं. "बदलापुरात त्याला ऐकायला कोण येणार?" तो वाईट हेतूने बोलत नाही, पण उत्साह घालवतो.

धर्मेशचे वडील, आबा, गॅलरीतल्या खुर्चीत होते. तिथूनच म्हणाले, "मना सांग गो बाय. मी आयकतंय."

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी माळ्यावरून टिपणं काढली. झुरळांनी कडा खाल्ल्यात, अक्षर शाबूत आहे. माझंच अक्षर, पण एखाद्या हुशार मुलीचं वाटलं, जी मला आता ओळखत नाही.

दुपारी आबांना बगदादच्या रुग्णालयाची गोष्ट वाचून दाखवली. रुग्णालय कुठे बांधावं असं रझीला विचारलं, तेव्हा त्याने शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगायला लावले, आणि जिथलं सगळ्यात उशिरा सडलं ती जागा निवडली. आबा खूश. "आमच्या अंबरनाथला एमआयडीसीत टांगला असता तं?" म्हणाले. तरुणपणी ते अंबरनाथला कारखान्यात जायचे आणि पावसाळ्यात रजा टाकून इथे खरवईत भातं लावायचे. त्या भातांच्या जागी आता आमची बिल्डिंग आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहतो.

लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं बोलणं मला निम्मं कळायचं नाही. सासूबाई मध्ये बसून सांगायच्या. त्या गेल्यापासून आबा कमी बोलतात. आज बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला काही विचारलं. शिकायची ओढ असलेला माणूस घरात असा बिनडिग्रीचाच भेटायचा होता, असं मनात आलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गावदेवीच्या हॉलमध्ये नेत्रतपासणी शिबिर होतं. आबांना नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, लवकर काढून घ्या म्हणाले. डावा डोळा त्यांचा कामाचा नाहीच. तरुणपणी मळणीत भाताचं कुसळ गेलं होतं, तेव्हापासून त्याला नुसता उजेड कळतो. म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. शिबिरातल्या बाईंनी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या डॉ. हरेश यांचं नाव दिलं. हात चांगला आहे म्हणाल्या.

रिक्षात बसल्याबसल्या आबा म्हणाले, "मना दिसतंय. कापायचं काय नाय."

सासूबाई पित्ताशयातल्या खड्यांसाठी दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत. ते आठवलं आणि मी विषय वाढवला नाही.

संध्याकाळी रझीच्या म्हातारपणापर्यंत आले. शेवटी त्याची दृष्टी गेली. एक शस्त्रवैद्य मोतीबिंदू काढायला आला तेव्हा रझीने विचारलं, डोळ्याला पडदे किती असतात ते सांग. त्याला सांगता येईना. रझी म्हणाला, ज्याला हे ठाऊक नाही त्याने माझ्या डोळ्याला हत्यार लावू नये. लोकांनी आग्रह केला तेव्हा म्हणाला, जग पुष्कळ पाहिलं, आता पाहून कंटाळलो.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुन्हा सांग म्हणाले. मी पुन्हा सांगितली, आणि या वेळी आवाज जरा खाली आणून. व्याख्यानाचा शेवट याच गोष्टीवर करायचा हे तिथेच ठरलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

नाश्त्याला धर्मेशने दवाखान्याचा विषय काढला. आबा म्हणाले, "पैला त्या डॉक्टरला इचार, डोल्याला पडदे किती." धर्मेशला काही कळेना. आम्ही दोघं हसत सुटलो. शेवटी तोही हसला आणि निघून गेला.

६ डिसेंबर, शुक्रवार

कॉलेजात परीक्षेचं काम. वाचन रेंगाळलं.

आबांचा मात्र ध्यास वाढतोय. मी घरी आले की पर्स ठेवायच्या आधी विचारतात, आज काय आणलास. पेपरही आता मीच वाचून दाखवायचा. स्वतः हातात घेत नाहीत. म्हणतात, तू वाचतेस तेव्हा कळतं. वर्गात साठ मुलं मोबाइल बघत बसतात आणि घरी हा एक माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसतो. खरं तर तोंडाकडेही नाही, थोडं बाजूला. कान इकडे करतात.

चहाचा कप आज पुन्हा बशीबाहेर ठेवला, सगळा चहा टेबलावर. मी पुसून काढला. त्यांचं मन गोष्टीत होतं. देवळाच्या ओट्यावर जाणंही बंद केलंय. त्या रिकामटेकड्या गप्पांपेक्षा हे बरं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज फार चांगला दिवस. रझीने स्वतःविषयी लिहिलेला मजकूर माझ्या टिपणांत सापडला. विरोधकांनी त्याच्यावर टीका केली, की हा तत्त्वज्ञानाच्या गप्पा मारतो पण तसा जगत नाही. त्यावर त्याने उत्तर दिलं. वर्षानुवर्षं लिहून माझी नजर अधू झाली, हाताचे स्नायू गेले, तरी मी थांबलेलो नाही, दुसऱ्यांकडून वाचून घेतो आणि लिहून घेतो.

मी वाचून थांबले. आबांनी कान माझ्याकडे केला. मग म्हणाले, "त्याच्याजवल वाचाया कोन होतं?"

विद्यार्थी असतील, मी म्हटलं.

"सून नवती त्याला?"

मी उठून कुकर लावला.

नंतर गॅलरीत उभी होते. समोरच्या टॉवरचे दिवे लागले होते. आबा म्हणाले, आताशा दिव्यांभोवती रंगांची कडी दिसतात, इंद्रधनुष्यासारखी, लाल बाहेर आणि निळं आत. चांगलं दिसतं, म्हणाले. पंच्याहत्तरीला आलेला माणूस दिव्यांकडे बघून असं बोलतो. मी लगेच लिहून ठेवलं. व्याख्यानाच्या सुरुवातीला वापरणार आहे, म्हातारपणी माणसाचं बघणं कसं कोवळं होतं ते सांगायला.

२ जानेवारी, गुरुवार

धर्मेशने मला न विचारता डॉ. हरेश यांच्याकडे ऑपरेशनची तारीख घेतली. सोळा जानेवारी. व्याख्यान अठराला. ऑपरेशन झाल्यावर थेंब घालायचे, झोपून ठेवायचं, बघायला येणाऱ्यांचा चहा, हे सगळं कोण करणार ते त्याने धरलेलंच असतं. मी म्हटलं, आठवडाभराने काय बिघडतं? तो म्हणाला, तूच ठरव.

दवाखान्यात मीच फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "डॉक्टर बोले थे जल्दी लेके आओ, मॅडम. अच्छा, तेवीस लिहू?" लिही म्हटलं.

आबांनी ऐकलं. "बरा केलास," म्हणाले. एकदम सुटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. आम्हा दोघांचंही काम झालं.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. भाजी, बाजरीची भाकरी, तीळ. आबांनी फारसं खाल्लं नाही. दोन दिवस कपाळ दुखतंय म्हणून फडकं बांधून बसतात.

त्यांच्यापुढे पूर्ण व्याख्यान बोलून दाखवलं. सनावळ्या काढ म्हणाले, लोक त्यातच अडकतात. देवी आणि गोवर हे वेगळे रोग आहेत हे त्याने कसं ओळखलं, तो भाग लांबला तरी राहू दे म्हणाले. त्यांच्या एका भावंडाला देवी आल्या होत्या. त्या पोराचं नावसुद्धा आज पहिल्यांदा कळलं, नाऱ्या.

एक भाग मला स्वतःला फार आवडतो. उजेड पडला की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि अंधारात मोठी होते, हे रझीने नोंदवलंय. जी गोष्ट प्रत्येकाच्या समोर रोज घडत होती ती त्याने पाहिली. त्याचे गुरू मानल्या जाणाऱ्या ग्रीक वैद्यांवरसुद्धा त्याने शंका घेतल्या. मोठ्यांनी सांगितलंय म्हणून खरं, असं तो मानायचा नाही. हे वाक्य म्हणताना माझा हात आपोआप वर जातो. आरशात बघितलं, बरं दिसतं.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी आबांना उलटी झाली. संक्रांतीचं तिळाचं बाधलं असणार. डोकं फार दुखतंय, उजवा डोळा लाल. काही गेलं असेल म्हणून मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. कचरा काही दिसला नाही. बुबुळ जरा धुरकट, बाहुली मोठी आणि मांजरासारखी हिरवट. पित्ताची गोळी दिली, डोळ्यावर गुलाबपाण्याची घडी ठेवली. डॉक्टरकडे जायचं का विचारलं. "तुजा भाषान परवा हाय ना? मंग तू तुजा काम कर." मी आतल्या खोलीत जाऊन शेवटचा भाग पुन्हा बोलून बघितला.

दुपारी धर्मेश आला तेव्हाही मी तेच म्हणत होते. बाप-लेक दार लोटून बराच वेळ बोलत होते. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता पाणी प्यायला आणि गेला. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाला. व्याख्यानाच्या तोंडावर घरातले असे चेहरे नको वाटतात.

१९ जानेवारी, रविवार सकाळ

काल झालं.

हॉल अर्धा रिकामा होता. पुढच्या रांगा धरून लोक बसले होते, मागे नुसत्या खुर्च्या. चिंतामणी सर म्हणाले, लग्नाची तीथ आहे आज. पहिली काही वाक्यं कागदावरून वाचली. मग आबांकडे बघितलं. धर्मेशच्या खांद्यावर हात ठेवून आले होते आणि काळा गॉगल लावून पहिल्या रांगेत बसले होते, मान ताठ. त्यांच्याकडे बघत बोलत गेले. दिव्यांभोवतीच्या कड्यांचं सांगितलं तेव्हा दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. पडद्यांच्या गोष्टीवर शेवट केला. टाळ्या झाल्या. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तुम्ही पुस्तक लिहा.

घरी आल्यावर लिफ्टपाशी शेजारच्यांना आबा सांगत होते, हॉल भरला होता, पाय ठेवाया जागा नवती. मला हसू आलं. माझ्यासाठी खोटं बोलत होते.

मी आनंदात आहे. पुष्कळ वर्षांनी मीच मला माझी वाटले.

आबा अजून उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. चहा नको म्हणाले.

२१ जानेवारी, मंगळवार

परवा दुपारी आबांना कॅम्प पाचला नेलं. ते भिंतीवर हळूहळू डोकं आपटत होते, आवाज न करता. मी पाणी द्यायला गेले तेव्हा बघितलं. डॉ. हरेश यांना फोन केला, ते रविवार असूनही म्हणाले, लगेच घेऊन या.

साठीचे आहेत, सिंधी, बोलतात निम्मं मराठी निम्मं हिंदी. त्यांनी खोलीत अंधार केला आणि आबांच्या डोळ्यावर टॉर्च मारला. मी मागे उभी होते. बाहुली हलली नाही. टॉर्च बाजूला नेला, पुन्हा आणला. नाहीच हलली. जे मी आदल्या संध्याकाळी माइकवर सांगितलं, जे मी गुरुवारी माझ्या हातातल्या टॉर्चने बघितलं होतं, तेच.

डॉक्टरांनी विचारलं, दिव्याभोवती रंग दिसायचे का? आबा म्हणाले, दिसायचे. कधीपासून? मी म्हटलं, महिन्यापासून. मला तारीखही सांगता आली असती.

मोतीबिंदू फुगला आणि डोळ्यातलं पाणी तुंबलं. दाब चढत गेला आणि त्या दाबाखाली नजरेची नस मेली. ती रंगांची कडी ही त्याची पहिली खूण असते म्हणाले. "दिसायचं कधी बंद झालं, काका?"

"गुरवारी," आबा म्हणाले. "गुरवार सकालपासून काय नाय."

म्हणजे शनिवारी पहिल्या रांगेत त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघून बोलत होते आणि ते आवाजाकडे तोंड करून बसले होते. भरलेला हॉल त्यांनी टाळ्यांवरून धरला असेल.

डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, दाब उतरेल, वेदना थांबतील. नजरेचं मी काही बोलत नाही. सही करायला कागद आणला. तेव्हा आबा खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, डोल्याला पडदे किती?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. धर्मेशने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांना राग आला नाही. स्टूल ओढून ते आबांच्या गुडघ्याजवळ बसले. "तीन, काका. बाहेरचा पांढरा, तो सांभाळतो. मधला, तो खून पोचवतो. आणि आतला, तो बघतो. आतलाच नाजूक असतो."

आबांनी मान हलवली. "ह्याला ठावं हाय," धर्मेशला म्हणाले, आणि अंगठा पुढे केला. सही येते त्यांना. रेघ दिसत नव्हती.

बाहेर पॅसेजमध्ये मी डॉक्टरांना विचारलं, सोळा तारखेला आणलं असतं तर? ते थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. त्या दिवशी पहिली अपॉइंटमेंट यांचीच होती, एवढंच म्हणाले.

२९ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन झालं, दुखणं गेलं. डोळा शांत आहे, पांढरा, आणि कामाचा नाही. डाव्याला खिडकीचा उजेड कळतो. आबा भिंतीला हात लावून संडासापर्यंत जातात. कोणाला धरू देत नाहीत.

काल धर्मेशशी भांडण झालं. मी म्हटलं, तू त्या गुरुवारी त्यांच्याशी बोललास, तुला कळलं नाही का? त्याने हातातला मोबाइल खाली ठेवला. मग सांगितलं. आबांनीच त्याला फोन करून बोलावलं होतं. काही दिसत नाही, चल दवाखान्यात, म्हणाले. त्याने त्यांना उठवून चपला घातल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझा आवाज आला. मी शेवटचा भाग म्हणत होते. आबा उभे राहून ऐकत होते. मग परत खाली बसले. "रैवारी जाऊ," म्हणाले. "आता नेलास तं ती जायाची नाय हॉलवर."

मी म्हटलं, तू ऐकलंस कसं त्यांचं? दोन दिवस?

तो म्हणाला, "मला काय माहीत दोन दिवसात डोळा जातो? तू शिकलेली. तू आठवडा पुढे ढकललास."

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. तो सकाळी जाताना त्यांच्या चपला दाराजवळून उचलून कपाटात ठेवून गेला. मी त्या परत दाराशी ठेवल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजच्या ग्रंथालयात बसून जे व्याख्यानाआधी करायला हवं होतं ते केलं. पडद्यांची गोष्ट रझीच्या स्वतःच्या लिखाणात कुठे नाही. ती नंतरच्यांनी सांगितली. तो आंधळा कशाने झाला याचीही कारणं वेगवेगळी. कोणी म्हणतं कायम घेवड्याच्या बिया खायचा म्हणून, कोणी म्हणतं किमयेच्या भट्टीतल्या धुराने, कोणी म्हणतं राजाने त्याच्याच ग्रंथाने डोक्यात मारलं म्हणून. एवढी कारणं सापडतात तेव्हा खरं कोणालाच माहीत नसतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

ज्याने आयुष्यभर ऐकीव गोष्टींवर शंका घेतली त्याच्याबद्दलची ऐकीव गोष्ट मी शेवटाला ठेवली. चांगली वाटली म्हणून. टाळ्या मिळतील म्हणून. आणि एका घाबरलेल्या माणसाला दोनदा सांगितली, आवाज खाली आणून.

घरी येऊन आबांना सांगितलं. ती गोष्ट बहुतेक खोटी आहे, आबा. त्याने ऑपरेशन नाकारलं की नाही, कोणालाच माहीत नाही.

ते लसूण सोलत होते. हल्ली मागून घेतात, हाताला काम लागतं म्हणतात. "असू दे खोटी," म्हणाले.

"तुम्ही तिच्यामुळे थांबलात."

"नाय गो." पाकळी चाचपून वाटीत टाकली. "तुजी सासू, वेनू, दवाखान्यात गेली तवा बोलली, दोन दिवसांत येतंय, भाकऱ्या करून ठेवल्यात. तवापासनं मना दवाखान्याच्या वासाचीच भीती. पन आता बाप्यासारका बाप्या मी, सांगू कोनाला भीती वाटते? तू ती गोष्ट दिलीस. हसून नाय म्हनता आलं."

मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी नुसती सालं गोळा करत राहिले. त्यांनी माझ्यावर दोष ठेवला नाही म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. नोव्हेंबरात रिक्षात मला हेच आठवलं होतं आणि मी विषय वाढवला नव्हता. विषय वाढवला असता तर ते तेव्हाच बोलले असते का? कोण जाणे.

मग ते म्हणाले, "तुजा आवाज माइकवर चांगला येतो."

२ मार्च, रविवार

चिंतामणी सरांचा फोन. अंबरनाथच्या एका मंडळाला तेच व्याख्यान हवं आहे. ती पडद्यांची गोष्ट शेवटी घ्याच म्हणाले, लोकांना आवडते. मी म्हटलं, ती गोष्ट मी घेणार नाही, तिच्याशिवाय चालत असेल तर कळवा. ते गोंधळले. का, म्हणून विचारलं. फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हटलं. ते कळवतील की नाही माहीत नाही. मला जायचं आहे की नाही, तेही नक्की नाही.

धर्मेशशी बोलणं सुरू झालंय. कामापुरतं. काल रात्रीच्या जेवणाला त्याने आबांच्या ताटात माशाचे काटे काढून दिले, माझ्याही ताटात काढले. इतक्या वर्षांत कधी काढले नव्हते.

संध्याकाळी आबांना वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाले. गॅलरीत खुर्ची लावायला सांगितली आणि म्हणाले, "समोर काय हाय ते सांग."

मी सांगायला लागले. टॉवर, त्याच्यामागे दुसरा, क्रेन, पाण्याच्या टाक्या. "त्याच्या मागं?" डोंगर आहे. "कंचा?" मला नाव येईना. बारा वर्षांहून जास्त या दिशेला कपडे वाळत घातले, कधी विचारलं नव्हतं. सुळक्यासारखा आहे, म्हटलं, मधोमध. तो चंदेरी, म्हणाले. उजव्या बाजूला बसका? तो टवली. मग डावीकडे लांबच लांब आडवा असेल तो माथेरानचा. मी बोट नेत होते तसतसं ते नाव सांगत होते, आणि तोंड बरोबर त्या बाजूला फिरवत होते.

"टवलीच्या पायथ्याशी पलस होते आमच्या येली. ह्या दिवसांत लाल व्हायचा सगला. हायत का?"

"आहेत," मी म्हटलं.

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग शांतपणे म्हणाले, "बगून सांग."

मी उठून कठड्यापाशी गेले. चष्मा पुसला. पायथ्याला लांबवर माती उकरलेली होती, पिवळं मशीन उभं होतं. त्याच्या वरच्या अंगाला काही तांबूस होतं, उन्हं उतरल्यामुळे तसं दिसत होतं की फुललं होतं, ते कळत नव्हतं. मी आबांना दोन्ही सांगितलं, मशीनचंही आणि तांबूसचंही. नक्की काय ते कळत नाही, असंही सांगितलं.

"किती झाडं हायत?"

"थांबा आबा," मी म्हटलं, "नीट बघते."